वाचकांचे प्रश्न : बावीस नोंदी, सोळा अणुकेंद्रके

अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ‘रिक’ या त्वरकावर काम करणाऱ्या ‘स्टार’ गटाने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रति-हायपरहायड्रोजन-४ हे अणुकेंद्रक सापडल्याचे जाहीर केले. एक प्रतिप्रोटॉन, दोन प्रतिन्यूट्रॉन आणि एक प्रतिलॅम्डा (प्रोटॉनाहून थोड्या जड, अल्पायुषी लॅम्डा कणाचा प्रतिकण) अशा चार कणांचे हे केंद्रक तोवर सापडलेल्या प्रतिद्रव्याच्या हायपरकेंद्रकांत, म्हणजे असा कण सामावणाऱ्या केंद्रकांत, सर्वांत जड होते. त्यावर आणि एकूणच जड आयनांच्या टकरींवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांतून काही निवडले आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : एवढ्या गर्दीत मूठभर कण खरे, हे कशावरून ठरवले? म्हणून या वेळी सदराची सारी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : सहाशे कोटींहून अधिक टकरी तपासून बावीस नोंदी मिळाल्या आणि त्यांतील सुमारे सोळाच खऱ्या धरल्या, असे वाचले. उरलेल्या सहा खोट्या नोंदी कशा ओळखल्या? शिवाय पार्श्वभूमी ‘६.४’ म्हणजे काय? नोंद अपूर्णांकात कशी असू शकेल? (निवृत्त शिक्षक, सातारा)

बावीसपैकी नेमक्या कोणत्या नोंदी खोट्या, हे कोणालाच सांगता येत नाही आणि संशोधकांनी तसा दावा केलेलाही नाही. त्यांनी सांगितले आहे ते एवढेच, की हे केंद्रक निसर्गात मुळी नसतेच, तरीही याच चाळणीतून सरासरी ६.४ नोंदी निव्वळ योगायोगाने खाली आल्या असत्या. यालाच पार्श्वभूमी म्हणतात, आणि सरासरी असल्यामुळेच ती अपूर्णांकात आहे.

नोंद म्हणजे काय, ते जवळून पाहू. प्रति-हायपरहायड्रोजन-४ टकरीच्या जागेपासून काही सेंटिमीटर जाते आणि त्याचा क्षय होऊन एक प्रतिहेलियम-४ आणि एक धन पायॉन (टकरींत मुबलक निघणारा हलका कण) बाहेर पडतो. मूळ केंद्रक कोणाला दिसत नाही. दिसतात ते या दोन कणांचे वायूने भरलेल्या डिटेक्टरमध्ये उमटलेले ट्रॅक. प्रतिहेलियम ओळखणे त्यातल्या त्यात सोपे असते, कारण त्याचा विद्युतभार दुप्पट असतो आणि त्याच वेगाच्या एकेरी भाराच्या कणापेक्षा तो वायूचे सुमारे चौपट आयनीभवन करतो. त्यातच ठरावीक अंतर कापायला लागलेला वेळ मोजला, की त्याचे वस्तुमानही कळते. पायॉनचे मात्र तसे नाही. प्रत्येक टकरीत पायॉन शेकड्यांनी असतात. त्यांतला एखादा प्रतिहेलियमच्या ट्रॅकजवळून सहज जातो, आणि दोघे एकाच बिंदूतून निघाल्यासारखे दिसतात. अशा प्रत्येक जोडीची ऊर्जा आणि संवेग मांडून ‘हे दोघे एकाच मातृकणापासून आले असतील, तर त्या मातृकणाचे वस्तुमान किती?’ हे काढले जाते. खऱ्या जोड्यांचे उत्तर ३.९२ गिगाइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास दाटते. योगायोगाच्या जोड्या सगळीकडे विखुरतात, आणि त्यांतल्या काही नेमक्या त्याच पट्ट्यात येऊन पडतात.

या योगायोगाच्या जोड्यांची सरासरी काढण्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. त्याच टकरीतील प्रतिहेलियमचा ट्रॅक गणितात शलाकेच्या (आदळणाऱ्या केंद्रकांच्या झोताच्या) अक्षाभोवती मनमानी कोनात फिरवायचा आणि मग त्याची पायॉनांशी जोडी लावायची. फिरवल्यामुळे खरी नाती तुटतात, पण ट्रॅकची संख्या, त्यांचे संवेग आणि डिटेक्टरचे गुणदोष बव्हंशी तसेच राहतात. अशा जोड्या कितीही वेळा बनवता येत असल्याने पट्ट्यातली योगायोगाची सरासरी बरीच अचूक मिळते.

आता खरा मुद्दा. सरासरी ६.४ असताना योगायोगाने बावीस किंवा त्याहून जास्त नोंदी येण्याची शक्यता विरळ घटनांसाठीच्या प्वासाँच्या सूत्राने काढली, तर ती दहा लाखांत सुमारे एक भरते. पण समजा, पार्श्वभूमीचा अंदाज चुकला आणि ती ६.४ नसून १० असली, तर? खऱ्या केंद्रकांची संख्या सोळाऐवजी बारा होईल, हे फारसे गंभीर नाही. मात्र योगायोगाची शक्यता दहा लाखांत एकवरून थेट चौदाशेंत एकवर येईल, आणि ‘सापडले’ या शब्दाऐवजी ‘चिन्हे दिसतात’ असे म्हणणेच योग्य ठरेल. म्हणून अशा शोधनिबंधात बावीस हा आकडा सर्वांच्या नजरेत भरत असला, तरी जाणकार वाचक आधी ६.४ कुठून आला हे पाहतो.

प्रश्न : गर्दीमुळे एवढा त्रास होतो, तर सोने किंवा शिसे यांची अणुकेंद्रके आदळण्याऐवजी प्रोटॉनवर प्रोटॉन आदळून हेच का शोधत नाहीत? (पदवीची विद्यार्थिनी, नांदेड)

कारण जे पाहायचे आहे, ते गर्दीतच जन्माला येते. प्रतिलॅम्डा आणि तीन प्रतिकण एकमेकांच्या अगदी जवळ, जवळपास सारख्या वेगाने निघाले तरच ते एकत्र बांधले जातात. ‘स्टार’नेच २०११ मध्ये सुमारे शंभर कोटी टकरींतून प्रतिहेलियम-४ ची अठरा केंद्रके शोधली होती. केंद्रकात आणखी एक प्रतिकण वाढला, की त्याचे उत्पादन हजारपटीहून अधिक घटते, असे त्या मोजणीतून दिसले. प्रोटॉनांच्या टकरीत प्रतिकण इतके थोडे निघतात, की असा चौघांचा योग जुळणे त्याहूनही कठीण. शिवाय या प्रयोगांचे मूळ लक्ष्य क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांतले क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे झालेले अतितप्त द्रव्य) हे आहे, आणि तो मोठ्या आकारमानात हवा असेल, तर जड केंद्रकांना पर्याय नाही.

गर्दी किती, याचा हिशेब तुम्हाला स्वतःलाही करता येईल. सर्नच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरवर २०१० मध्ये शिशाची केंद्रके एका न्यूक्लिऑन-जोडीमागे (न्यूक्लिऑन म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) २.७६ टेराइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने आदळली, तेव्हा ‘ॲलिस’ डिटेक्टरला समोरासमोरच्या टकरींत, मध्यभागी, आभासी-रॅपिडिटीच्या (कण शलाकेशी किती कोनात निघाला, हे सांगणाऱ्या मापाच्या) प्रत्येक एककात सुमारे १,६०० विद्युतभारित कण मोजता आले. ॲलिसचा मुख्य भाग अशी साधारण १.८ एकके व्यापतो, म्हणजे एका टकरीत जवळजवळ २,९०० ट्रॅक झाले. त्यांतले निम्मे धन आणि निम्मे ऋण धरले, तर एका धन आणि एका ऋण कणाच्या शक्य जोड्या वीस लाखांहून अधिक होतात. कण दुप्पट झाले, की जोड्या चौपट होतात. खऱ्या क्षयांची संख्या साधारण कणांच्या प्रमाणात वाढते, योगायोगाच्या जोड्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतात. खऱ्या जोड्यांमुळे वस्तुमानाच्या आलेखावर उठणारे आणि प्रोटॉनांच्या टकरीत सहज दिसणारे शिखर शिशाच्या टकरीत बुडून जाते, ते या वर्गामुळे.

वीस लाख जोड्यांतून वाट काढण्याचा पहिला मार्ग भूमितीचा. लॅम्डा कण क्षय होण्याआधी सेंटिमीटरांत मोजण्याइतके अंतर जातो, त्यामुळे त्याची अपत्ये टकरीच्या बिंदूतून न निघता बाजूच्या बिंदूतून निघालेली दिसतात आणि एवढ्या एका कसोटीवर बहुतेक खोट्या जोड्या गळतात. चार्म क्वार्क असलेल्या डी-शून्य मेसॉनच्या बाबतीत मात्र हे वैशिष्ट्यपूर्ण अंतर १२३ मायक्रोमीटरच असते. त्याला पकडायचे, तर शलाकेच्या नळीला अगदी खेटून फार बारीक नजरेचा डिटेक्टर लागतो. ॲलिसने २०२१ मध्ये बसवलेल्या सिलिकॉनच्या सात थरांत सुमारे साडेबाराशे कोटी पिक्सेल आहेत, ते यासाठीच.

दुसरा मार्ग म्हणजे नको असलेले कण डिटेक्टरपर्यंत पोचूच द्यायचे नाहीत. ॲलिसच्या म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) मोजणाऱ्या विभागापुढे कार्बन आणि काँक्रीट यांचा सुमारे ४ मीटर लांबीचा अडसर आहे. पायॉन आणि इतर हॅड्रॉन (क्वार्कांचे बनलेले कण) बहुतांशी त्यात अडकतात, म्यूऑन पार होतात आणि चार्म क्वार्क व त्याचा प्रतिक्वार्क यांच्या जे/साय कणाच्या म्यूऑन-जोड्या तुलनेने मोकळ्या जागेत मोजता येतात. या विभागातील ‘मानस’ ही संकेतवाचक चिप कोलकात्याच्या साहा अणुभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने भारतातच घडवली गेली, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

प्रश्न : पार्श्वभूमी वजा करताना चूक झाली आणि नसलेला परिणाम दिसला, असे या क्षेत्रात घडले आहे का? (अभियंता, पुणे)

नसलेला परिणाम दिसला असे नव्हे. पण असलेला परिणाम खूप मोठा दिसला, असे एक महत्त्वाचे प्रकरण आहे आणि ते तपशिलात सांगण्यासारखे आहे.

‘रिक’वरच ‘फीनिक्स’ नावाचा दुसरा मोठा प्रयोग होता. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे संशोधकही त्यात सहभागी होते. त्या गटाला प्लाझ्मातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या मोजायच्या होत्या. या जोड्यांवर तीव्र बल चालत नाही, म्हणून त्या तप्त गोळ्याच्या पोटातून न अडखळता बाहेर येतात आणि आतल्या स्थितीची खबर आणतात. अडचण अशी, की टकरीतले बहुतेक इलेक्ट्रॉन या जोड्यांचे नसतातच. ते येतात उदासीन पायॉनच्या क्षयातून आणि डिटेक्टरच्या सामग्रीत फोटॉनचे रूपांतर होऊन. अशा प्रत्येक जोडीतला एक जोडीदार चुंबकीय क्षेत्रात वळून नजरेआड गेला, की मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन भलत्याच पॉझिट्रॉनशी जोडला जातो. एका खऱ्या जोडीमागे अशा शेकडो खोट्या जोड्या तयार होतात. हे प्रमाण एकास दोनशे धरले, तर पार्श्वभूमीच्या अंदाजात अर्ध्या टक्क्याची चूक म्हणजे अख्ख्या संकेताएवढी चूक होते.

पार्श्वभूमीचा आकार ठरवण्यासाठी एका टकरीतला इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्याच टकरीतला पॉझिट्रॉन यांची जोडी लावण्याची पद्धत आहे. दोन निरनिराळ्या गावांच्या जत्रांतली माणसे जोडीने उभी केली, तर त्यांत सख्खी भावंडे निघणार नाहीत, तसेच हे आहे. पण टकरी कोणत्याही चालत नाहीत : दोन्हींतली गर्दी सारखी हवी, टक्कर शलाकेवर जवळपास त्याच जागी झालेली हवी, आणि कणांचा ओघ ज्या प्रतलात जास्त असतो, ते प्रतलही जुळवून घ्यावे लागते. इतके करूनही एक उणीव राहते. एकाच जेटमधून (एका दिशेने निघालेल्या कणांच्या फवाऱ्यातून) आलेले दोन इलेक्ट्रॉन किंवा एकाच पायॉनच्या दोन फोटॉनांपासून आलेले दोन इलेक्ट्रॉन हे योगायोगाने एकत्र आलेले नसतात. त्यांच्यात नाते असते, फक्त आपल्याला हवे ते नाते नसते. टकरींची सरमिसळ केली, की हे नातेही पुसले जाते आणि ती पार्श्वभूमी वजा होत नाही. ती हिशेबात घेण्यासाठी समान भाराच्या जोड्यांकडे, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन किंवा दोन पॉझिट्रॉन यांच्या जोड्यांकडे, वळावे लागते. हवा असलेला संकेत समान भाराच्या जोड्यांत येऊच शकत नाही, म्हणून तिथे जे दिसेल ते निखळ पार्श्वभूमीच असते.

फीनिक्सने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात, कमी वस्तुमानाच्या पट्ट्यात, ज्ञात स्रोतांपेक्षा सुमारे ४.७ पट जोड्या दिसल्या होत्या. सैद्धांतिक प्रारूपांना एवढी वाढ काही केल्या समजावता येईना. मग त्या गटाने टकरीच्या जागेभोवती एक नवा डिटेक्टर बसवला. त्यात कार्बन टेट्राफ्लोराइड वायू होता. इलेक्ट्रॉन त्यातून जाताना चेरेन्कोव्ह प्रकाश (वायूतल्या प्रकाशाहून जलद जाणाऱ्या भारित कणामुळे पडणारा) दिसतो, त्यामानाने मंद असणारे हॅड्रॉन मात्र त्याला जवळपास दिसतच नाहीत. खरी कल्पकता पुढेच होती : या डिटेक्टरच्या जागी चुंबकीय क्षेत्र शून्याजवळ आणून ठेवले होते, त्यामुळे पायॉनच्या क्षयातले किंवा फोटॉनपासून झालेले दोन जोडीदार फाकले न जाता शेजारी-शेजारीच राहत आणि दोघांचा मिळून दुप्पट प्रकाश पडे. दुप्पट प्रकाश दिसला, की तो इलेक्ट्रॉन यादीतून काढून टाकता येई.

या डिटेक्टरसह २०१० मध्ये गोळा केलेल्या माहितीचे विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नात्यातल्या पार्श्वभूमीचा प्रत्येक घटक वेगवेगळा हिशेबात धरला होता. जवळपास त्याच पट्ट्यातली वाढ आता सुमारे २.३ पट निघाली, आणि चार्म कणांचा वाटा दुसऱ्या प्रारूपाने धरला तर त्याहूनही कमी. ही वाढ ‘स्टार’च्या स्वतंत्र मोजणीशी आणि सिद्धांताशीही जुळली. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाच्या तपासणीसाठी त्या गटाने इतकी वर्षे घालवली, याचे मला मोठे मोल वाटते.

प्रश्न : चाळणी कशी लावायची हे संशोधकच ठरवतात, आणि निकालही त्यांनाच हवा असतो. मग नकळत पक्षपात होत नाही का? (वाचक, पणजी)

होऊ शकतो, आणि त्यासाठी अप्रामाणिक असावे लागत नाही. दहा प्रकारे चाळणी लावून पाहिली आणि ज्यात शिखर ठळक दिसले ती ठेवली, तर योगायोगालाच शिखराचे रूप येते. यावर उपाय म्हणजे माहिती पाहण्याआधी नियम लिहून ठेवणे.

याचे सर्वांत काटेकोर उदाहरण ‘स्टार’च्याच एका प्रयोगाचे आहे. केंद्रके एकमेकांना घासून आदळतात, तेव्हा क्षणभर प्रचंड चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्याच्या दिशेने धन व ऋण कण वेगळे व्हावेत, असे एक भाकीत आहे. त्याला कायरल चुंबकीय परिणाम म्हणतात. अडचण अशी, की कणांचा सामूहिक ओघ आणि साधे क्षय मिळून अगदी तसाच आकृतिबंध उमटवतात, आणि ही पार्श्वभूमी अपेक्षित संकेताहून कितीतरी मोठी असते. म्हणून २०१८ मध्ये रुथेनियम आणि झिर्कोनियम यांची ९६ वस्तुमानांकाची केंद्रके वापरली गेली. दोन्हींत न्यूक्लिऑन सारखेच, म्हणून पार्श्वभूमीही जवळपास सारखी यावी. पण प्रोटॉन मात्र एकात ४४ आणि दुसऱ्यात ४०, त्यामुळे चुंबकीय क्षेत्राच्या वर्गात सुमारे पंधरा टक्क्यांचा फरक. दोन्ही केंद्रके आळीपाळीने फिरवली गेली. कोणती माहिती कोणत्या केंद्रकाची, हे विश्लेषकांपासून लपवले गेले. पाच गटांनी स्वतंत्रपणे विश्लेषण केले आणि ‘संकेत दिसला’ असे केव्हा म्हणायचे, याची कसोटी आधीच गोठवली गेली.

ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल खुला झाला. रुथेनियमचे पारडे जड असायला हवे होते. प्रत्यक्षात रुथेनियमच्या मोजणीचे झिर्कोनियमच्या मोजणीशी गुणोत्तर एकाहून कमी भरले. कारण शोधता असे दिसले, की रुथेनियमच्या टकरींत सुमारे चार टक्के अधिक कण निघतात, आणि कण वाढले की ही पार्श्वभूमी सौम्य होते. म्हणजे ‘सारखी पार्श्वभूमी’ हे गृहीतकच चार टक्क्यांनी चुकले होते, आणि मोजणीची अचूकता अर्ध्या टक्क्याच्या आत असल्याने तो फरक लपला नाही. पुढे हा फरक हिशेबात घेऊन, मोजलेल्या आकृतिबंधात खऱ्या परिणामाचा वाटा असला तरी तो सुमारे दहा टक्क्यांहून अधिक नाही, अशी मर्यादा घातली गेली. कसोटी आधी गोठवलेली नसती, तर इतका नकोसा निकाल इतक्या सरळपणे बाहेर आला असता का, याची मला शंका आहे.

प्रश्न : आता हे सारे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करते का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

चाळणी लावण्याचे काम मोठ्या प्रमाणात करते. हायपरट्रायटॉनचे (प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि लॅम्डा यांच्या केंद्रकाचे) आयुर्मान मोजताना ॲलिसने निर्णयवृक्षांवर, म्हणजे होय-नाही प्रश्नांच्या साखळ्यांवर, आधारित यंत्रशिक्षण वापरले. संकेताचे नमुने संगणकीय प्रतिरूपातून द्यायचे आणि पार्श्वभूमीचे नमुने शिखराच्या दोन्ही बाजूंच्या खऱ्या माहितीतून, अशी या कामातली रूढ रीत आहे. तिच्यात धोका एकच, पण मोठा आहे. यंत्राला वस्तुमान किंवा वस्तुमानाशी निगडित राशी कळू दिली, तर ते शिखराच्या जागेवरच्या जोड्या निवडू लागते आणि निव्वळ पार्श्वभूमीतूनही शिखर कोरून काढते. म्हणून निवड झाल्यावर त्याच यंत्राला फिरवलेल्या किंवा सरमिसळ केलेल्या जोड्या देऊन बघतात. तिथे शिखर दिसले, तर यंत्र बाद.

प्रश्न : महाराष्ट्रात राहून यातले काही प्रत्यक्ष करता येईल का? (नांदेडच्याच विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न)

येईल. आयआयटी मुंबईचा गट ॲलिसमध्ये आहे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था सर्नच्याच ‘सीएमएस’ प्रयोगात आहे. पदव्युत्तर शिक्षणानंतर ही दारे उघडतात. त्याआधी ॲलिसचा विद्यार्थ्यांसाठीचा ‘मास्टरक्लास’ करून पाहा. त्यात खऱ्या टकरींची चित्रे पाहून के-शून्य आणि लॅम्डा यांचे क्षय हाताने ओळखायचे असतात आणि पुढे शिशाच्या टकरींतील वस्तुमानाच्या आलेखावर शिखरासाठी घंटाकार वक्र व पार्श्वभूमीसाठी वर्गी बहुपदी बसवून कण मोजायचे असतात. मोजून झाल्यावर लगेच पुढे जाऊ नका. पार्श्वभूमीचा वक्र ज्या पट्ट्यात बसवला, तो पट्टा थोडा रुंद करा, मग थोडा अरुंद करा, आणि कणांची संख्या प्रत्येक वेळी किती बदलते ते वहीत मांडा. के-शून्यचे शिखर उंच असल्याने ती तिथे फारशी हलणार नाही; सर्वांत गर्दीच्या टकरींतील लॅम्डासाठी हेच करून पाहा आणि आलेले आकडे आम्हाला कळवा.